उजव्या भिंतीच्या कडेनं

"म्हणजे आजही धरलीस?"

"धरली की, बाई. आत गेलो, पंचा टाकला, धरली. एक पीस गळू दिलं नाही."

"मग उद्या नाही सोडायची."

सुकुमार मगदूमच्या हातात पंच्यात गुंडाळलेली घार होती आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं. घार हातात राहिली. हसू मात्र जागच्या जागी विरलं.

"पण का, बाई? वजन भरलंय. पंख सरळ झालाय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते नि येते, धाप लागत नाही."

"खरंय."

"मग?"

"तुझ्या हाताला लागते ना अजून?"

...

 बाईंची शाळाच मुळात उफराटी होती.

डॉक्टर कुमुद तारळेकरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात म्हशी नि बैल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. बाईंनी मिरजेच्या पुढं, दंडोबाच्या डोंगराच्या अलीकडं, कुणीतरी सोडून दिलेलं बेदाण्याचं शेड घेतलं. बेदाण्याचं शेड म्हणजे लांबच लांब, उंच, चारी बाजूंनी जाळीच्या भिंती आणि आरपार वारा. द्राक्षं वाळवायला बांधलेलं ते शेड जखमी पक्ष्यांना पंख मोकळे करायला अगदी बेतून घेतल्यासारखं निघालं. बाई तिथं घारी, घुबडं, ससाणे बरे करायच्या. आणि हे काम शिकायला आलेल्या पोरापोरींनाही वळण लावायच्या. पक्ष्यांपेक्षा पोरांना वेळ जास्त लागतो, असं त्या तोंडावर सांगायच्या.

त्यांचा एक नियम होता. ज्यानं पक्षी बरा केला, त्यानंच शेवटी पंचा घेऊन शेडमध्ये शिरायचं आणि त्याला धरायला बघायचं. अगदी मनापासून. धरता आला, तर पक्षी अजून कच्चा. रिकाम्या हातानं बाहेर आलात, तर पक्षी पास. उघड्या रानात त्याच्यावर टपलेले सगळे आपल्यापेक्षा चपळ असतात, एवढंच बाईंचं म्हणणं.

इतर सगळ्या शाळांत पोरांना जमलं की पेढे वाटतात. इथं जमलं नाही की वाटायचे.

आणि नेमका इथं येऊन पडला होता सुकुमार. शिरोळ तालुक्यातला खो-खोचा पट्टीचा गडी. त्यानं हात टाकला आणि समोरचा सुटला, असं गावात कुणी बघितलेलं नव्हतं. कबूतर असो, बगळा असो, डोळ्याचं पातं लवायच्या आत पंच्यात. सोबत शिकणारी मिरजेची शमा मुजावर त्याला म्हणायची, "तू डॉक्टरी कशाला शिकतोस? पाकीटमारीत नाव काढलं असतंस."

तो हसायचा. पण त्या हातांचा त्याला अभिमान होता, आणि तो काही लपून राहायचा नाही.

घारीला पुन्हा शेडमध्ये सोडून तो बाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. शमा शेजारी बसून हातमोज्यांना तेल लावत होती.

"बाई, एक बोलू?"

"बोल."

"परवा तुम्ही शमाला आत पाठवलंत. तिला धरता आली नाही."

"कानावर ओरखडा घेऊन आले," शमा म्हणाली. "शिवाय चपलेचा अंगठा तुटला."

"आणि तुम्ही तिला काय म्हणालात? छान म्हणालात."

"म्हणाले."

"म्हणजे घार चांगली उडते, हे ठरलं. फक्त माझ्या हाताला लागते. आता माझे हात जरा बरे आहेत, त्याला घारीनं काय करावं?"

शमा खळखळून हसली. बाईंच्याही ओठाचा कोपरा हलला.

"मग हात जरा वाईट कर."

"मुद्दाम हरू?"

"मुद्दाम नको. मुद्दाम हरलेलं मला लगेच कळतं."

...

सुकुमारला ते 'छान' खरंच सलत होतं. इतके दिवस तो इथं राबत होता. जखमा धुवायचा, पिंजरे घासायचा, टाके घालायला शिकला होता. पण बाईंनी तो शब्द त्याच्यासाठी एकदाही खर्च केला नव्हता. आणि शमाला कान फाटून आल्याबद्दल छान!

त्याच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. बाईंचे हात हल्ली थरथरायचे, सुई धरताना तर जास्तच. म्हाताऱ्या हातांना तरुण हातांचं कौतुक करवत नसेल.

विचार आला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण आला होता, हे खरं.

एरवी त्यानं दम धरला असता. पण उद्या महावीर जयंती होती, आणि उद्यावर त्याचं सगळं टांगलेलं होतं.

त्याच्या गावात जैन समाजाची पांजरपोळ आहे. म्हाताऱ्या गाई, लंगडी वासरं, पंख मोडलेली कबुतरं, सगळ्यांना तिथं आसरा. पण घार, घुबड, ससाणा आणला की दारातूनच परत. मांस खाणारा जीव पांजरपोळीत ठेवायचा कसा? गेल्या वर्षी कुणीतरी आणलेला एक शिक्रा असाच परत पाठवला गेला आणि वाटेतच मेला. तो सुकुमारच्या मांडीवर मेला. तेव्हापासून त्यानं एकच ध्यास घेतला होता. गावात अशा पक्ष्यांसाठी एक खोली पाहिजे.

त्याच्या स्वतःच्या घरी कांदासुद्धा चालत नाही, आणि हा इथं रोज मांसाचे तुकडे करायचा. आई त्याला न्हाणीघराकडूनच घरात घ्यायची. पण जाऊ नको, असं तिनं कधी म्हटलं नाही.

पांजरपोळीचे मुख्य विश्वस्त आदगोंडाअण्णा पाटील. महिनोन्‌महिने त्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर ते वळले. बाकीच्यांना त्यांनी कसंबसं गप्प केलं. खोली कुंपणाच्या बाहेर बांधू, मांस आत येणार नाही. पण पोरगं काय शिकलंय ते आधी डोळ्यांनी बघू. सुकुमारला म्हणाले, महावीर जयंतीला, पालखी झाली की येतो. ती मांज्यात सापडलेली घार उडून जाताना दाखव. उडाली, की दुसऱ्या दिवशी पाया काढतो.

आणि बाई म्हणत होत्या, नाही सोडायची.

संक्रांतीच्या वेळी चिंचेच्या झाडावर उलटी लोंबकळत होती ती. मांज्यानं डावा पंख हाडापर्यंत कापलेला, वर फांदीवर आपटून आपटून डोकं सुजलेलं. सुकुमारनंच झाडावर चढून उतरवली. टाके घातले, पट्टी बदलली, चिमट्यानं घास भरवला. तिला मोकळ्या आभाळात बघायची त्याला खरोखर ओढ लागली होती. नुसती खोलीसाठी नव्हे.

उन्हं कलल्यावर बाईंनी काठी उचलली.

"चल. आणखी एकदा जा. मी बघते."

शेडच्या दाराशी शमानं खुर्ची ठेवली. बाई बसल्या. आत पार पलीकडच्या टोकाला, तिच्या नेहमीच्या आडव्या वाशावर घार बसली होती, तोंड दाराकडं करून. सुकुमार दिसताच तिनं मान वळवली आणि तिरकी नजर त्याच्यावर रोखली.

"बघितलंस?" तो शमाला हळूच म्हणाला. "मी दिसलो की अशी मान वळवते. ओळखते मला."

"लाडावलीय," शमा म्हणाली.

बाई त्याच्या पावलांकडं बघत होत्या.

त्यानं चपला काढल्या, पंचा खांद्यावर टाकला, आणि दारातून शिरून उजव्या भिंतीकडं वळला.

"थांब."

तो थांबला.

"आज डाव्या भिंतीच्या कडेनं जा."

"का?"

"सहज."

"कुठल्या भिंतीनं गेलं म्हणून काय फरक पडतो, बाई?"

"काही नाही पडत. जा."

खांदे उडवून तो डावीकडं वळला. आता ह्यांना दाखवायचंच, असं त्याच्या चालीतच दिसत होतं. वाकून, श्वास रोखून, पावलाचा आवाज न करता तो निघाला. निम्म्यातही पोचला नसेल, तोच घार उठली. त्याच्या डोक्यावरून सूं करत दाराकडच्या वाशावर.

तो वळला. ती परत पलीकडं.

पुन्हा डावी भिंत. ह्या वेळी आणखी वाकून, जवळजवळ सरपटत. घारीनं त्याला पहिल्या खांबापाशीच टिपलं. तो झेपावला, पंचा हवेत पसरला, आणि घारीऐवजी सुकुमारच जमिनीवर आडवा झाला. ह्या शेडमध्ये अजून बेदाण्याचा गोड वास येतो. तो त्याला अगदी जवळून मिळाला.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी एकदा. घामानं निथळला, कोपर सोलवटलं, जाळीला धडकून कपाळावर चौकड्यांची नक्षी उठली. घार त्याच्या अंगाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही.

तो बाहेर आला तो धापा टाकत आणि हसत. रिकामा पंचा त्यानं झेंड्यासारखा वर धरला होता.

"बाई! रिकामा हात! मनापासून हरलो, शपथेवर!"

शमानं टाळ्या वाजवल्या. "पेढे!"

"मग?" सुकुमारनं विचारलं. "उद्या सोडायची?"

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"तू सांग."

"मी?"

"घार तुझी आहे. नियम पुरा झालाय. तू सांग, सोडायची?"

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि बोलता बोलता सवयीनं आत बघितलं.

घार परत आपल्या जागी जाऊन बसली होती. त्याला बघून तिनं मान वळवली. तशीच, नेहमीसारखी तिरकी. उजवा डोळा दाराकडं करून.

उजवा डोळा.

...



घार दाराकडं तोंड करून बसते. म्हणजे आपली उजवी भिंत ती तिची डावी बाजू. रोज आपण उजव्या भिंतीनं जातो, आणि रोज ती सापडते. आज डावीकडून गेलो, आणि एकदाही सापडली नाही. उजवीच भिंत का धरली आपण? आधी वजनासाठी धरायला मधून जायचो, तेव्हा पहिल्या झटक्याला हुकायची. एकदा उजवीकडून गेलो आणि मिळाली. मग तीच वाट पडली. पायांनी ती निवडली, डोक्यानं विचारलंसुद्धा नाही.

"काय झालं रे?" शमानं विचारलं.

तो उत्तर न देता पुन्हा आत गेला. पंचा दारातच टाकून. उजव्या भिंतीच्या कडेनं, अनवाणी, सरळ ताठ उभा. वाकला नाही, लपला नाही. फक्त पाय अलगद टाकत होता.

घार दाराकडं बघत होती. तो दारात नव्हता, तरी दाराकडंच.

तो तिच्या अगदी जवळ पोचला. रोज ह्याच जागेवरून तो पंचा टाकायचा. आज त्यानं नुसता हात वर केला आणि तिच्या डाव्या डोळ्यासमोर नेला. डोळा स्वच्छ होता, तपकिरी, चकचकीत. त्यात त्याचा तळहात दिसत होता. त्यानं बोटं हलवली.

पापणी लवली नाही.

त्यानं बोटं आणखी जवळ नेली. काही नाही. मग त्याच्या श्वासाचा वारा पिसांना लागला असावा, तेव्हा ती दचकली आणि उडाली.

सुकुमार तिथंच उभा राहिला. त्याला रडू येत होतं, आणि रडू यायला लाज वाटत होती. हे हात! ज्या हातांचं त्यानं गावभर कौतुक करून घेतलं होतं, ते हात आंधळ्या बाजूनं जाऊन तिला पकडत होते. आणि ती मान वळवत होती ती लाडानं नव्हे. उरलेल्या एका डोळ्यानं दार राखत होती बिचारी.

तो बाहेर आला. ह्याही वेळी रिकाम्या हातानं.

"बाई, नाही सोडता येणार."

"का?"

"डाव्या डोळ्यानं तिला दिसत नाही."

शमाच्या हातातला हातमोजा खाली पडला.

"आणली तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"तेव्हा दिसत होतं. मीच बॅटरी मारून बघितलं होतं. बाहुली लहान झाली होती."

"त्यानंतर?"

...

"त्यानंतर मी पंखच बघत राहिलो, बाई."

बाईंनी मान डोलावली. रागावल्या नाहीत. मग त्याच्याकडूनच घार धरवली, सावलीत घेतली, भिंगाचा दिवा लावून डोळ्यात वाकून बघितलं. हात एरवी थरथरायचे. दिवा मात्र जागचा हलला नाही.

"आतला पडदा सरकलाय. डोक्याला मार लागला की कधी कधी असं होतं, उशिरानं. वरून कळत नाही."

"बसवता येईल?"

"नाही."

"एका डोळ्यावर नाही निभणार?" शमा म्हणाली. "एवढी छान उडते..."

सुकुमारनंच उत्तर दिलं. "डावीकडून मांजा आला तर? डावीकडूनच आला होता तो."

 बाईंनी दिवा पुसून पेटीत ठेवला.

"उद्या अण्णा येणार," तो म्हणाला.

"येऊ देत."

"बाकीच्या विश्वस्तांना घेऊन येणार. फोटो काढायला माणूस सांगितलाय. मी त्यांना काय सांगू?"

"अण्णांचं उद्या. घारीचं आज काय करायचं, ते आधी ठरव."

हे बोलून बाईंनी काठी टेकली आणि त्या तिथंच, त्याच्याशेजारी जोत्यावर खाली बसल्या. गुडघ्यांमुळं त्या सहसा खाली बसत नसत.  उठायची घाई केली नाही, समजूतही घातली नाही. सुकुमारला तेवढ्यानं आधार वाटला. रडू ओसरलं, आणि डोकं चालायला लागलं.

पलीकडच्या खोलीतून चिरक्या आवाजात कल्ला सुरू झाला. निलगिरीचं झाड तोडताना घरटं खाली आलं होतं, त्यातली घारीची दोन पिल्लं. शमा त्यांना तोंडावर फडकं बांधून भरवायची. माणूस म्हणजे आई, असं त्यांनी धरून बसू नये म्हणून. फडक्यात तिचा जीव गुदमरायचा आणि पिल्लं फडक्यालाच चोची मारायची.

सुकुमार ऐकत राहिला. मग एकदम उठला.

"बाई, पिल्लं तिच्यापाशी ठेवून बघू?"

"तिनं मारलं तर?"

"आधी जाळीच्या खोक्यात ठेवतो. ती काय करते बघतो. मी आडोशाला बसून राहतो, उठणार नाही."

"तिची स्वतःची नाहीत."

"नसू देत. घारीनं घास कसा फाडायचा ते शमाच्या फडक्यापेक्षा तिला बरं कळतं."

"आभार," शमा म्हणाली.

बाई विचार करत होत्या. मग विचारलं, "खोकं कुठं ठेवशील?"

"तिच्या उजव्या अंगाला."

"छान," बाई म्हणाल्या आणि काठीसाठी हात पुढं केला. "उठव मला."

त्यानं उठवलं. तो शब्द आपल्यासाठी होता, हे त्याला खोकं उचलून शेडपर्यंत गेल्यावर उमगलं. तो दारातच थबकला. मागं वळून बघितलं, तर बाई केव्हाच हात धुवायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पालखी आटोपून आदगोंडाअण्णा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर केशराचा टिळा. सोबत दोन विश्वस्त आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक इसम. गाडीतून उतरल्या उतरल्या अण्णांनी आभाळाकडं बघितलं.

"काय सुकुमार, झकास ऊन पडलंय. कुठाय तुजी घार? उडिव बघू."

सुकुमार त्यांच्या पाया पडला, सरळ उभा राहिला, आणि एका दमात सांगून टाकलं.

"अण्णा, घार सोडायची नाही. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मला कालपतोर कळलं नव्हतं. कळायला पाहिजे होतं."

अण्णांचा चेहरा उतरला. मागचे दोघं एकमेकांकडं बघू लागले. त्यांतला एक पुटपुटला, "आमी म्हणतच हुतो."

"आरं, मग फोन तरी करायचास! गावात सगळ्यास्नी सांगून बसलोय मी. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही बघावं, असं वाटलं."

"बघायला हाय तरी काय आता?"

"या."

तो त्यांना शेडच्या बाजूला घेऊन गेला. जाळीवर आडोशाला बांधलेल्या गोणपाटाच्या पडद्याला एक फट होती. अण्णांनी टोपी सावरली, डोळा लावला.

आत घार जमिनीवर उतरली होती. खोक्याचं झाकण आता काढलेलं होतं. तिनं पायाखाली एक तुकडा दाबला, चोचीनं त्यातला बारीक धागा ओढला, मान उजवीकडं वळवली आणि खाली वाकली. दोन उघड्या चोचींतल्या एकीत तो अलगद ठेवला. दुसऱ्या पिल्लानं आरडाओरडा केला. तिनं पुन्हा धागा ओढला.

"मला बी बघू द्या की," मघाचा विश्वस्त म्हणाला. फटीला डोळा लावला, मांस दिसताच मागं सरला. मग पुन्हा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

अण्णा गोणपाटाला टेकून उभे होते.

"आईगत भरवतीया की रं."

"होय."

"तिचीच हाईत?"

"नाही. झाडावरनं पडलेली. मोठी झाली की ही दोघं उडतील, अण्णा. ती हितंच राहील. पुढच्या साली आणखी कुणाची येतील, त्यांना भरवील."

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सुकुमार, एक इचारू? गपचिप सोडली असतीस, तर आमास्नी काय कळणार हुतं? उडाली असती. आमी टाळ्या वाजवून घरला गेलो असतो. तुजी खोली बी झाली असती."

"उडाली असती, अण्णा. पण धड उतरली नसती."

...

अण्णांनी त्याच्याकडं नीट बघितलं, जणू आजच ओळख होत होती. मग कॅमेरावाल्याला हातानं बाजूला केलं आणि घसा साफ केला.

"खोलीला दार कुठल्या अंगाला ठिवायचं?"

सुकुमारला आपण नीट ऐकलं का, ते कळेना. शमानं मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"दोन ठेवा, अण्णा," तो म्हणाला. "दोन्ही अंगाला."

"एवढीशी खोली, दोन दारं कशाला रं?"

"एकच असलं की पाय एकाच वाटेला लागतात, अण्णा."

"बरं बाबा, दोन."

सगळे खुर्च्यांपाशी आले. शमानं पाणी आणलं. बाई आपल्या जागी बसल्या होत्या, चष्मा काढून पदरानं काचा पुसत. अण्णा त्यांच्यासमोर टेकले. मघापासून एक गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती, आणि मनात ठेवणारा तो माणूस नव्हता.

"बाई, रागवू नका. पर तुमी एवढ्या मोठ्या डॉक्टर. जनावरांत केस पिकले तुमचे. रोज ह्या दारातच बसून हुता. घारीचा डोळा गेला, आनि तुमास्नी पत्त्या न्हाई?"

सुकुमार चटकन पुढं झाला. चूक माझी होती, असं सांगायला. बाईंनी न बघताच हात वर करून त्याला थांबवलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, कानांमागं नीट बसवला.

"मी घारीकडं कुठं बघत होते, अण्णा?"